दुसरा चेंडू डाव्या अंगाला

गोरे साहेब गेले तेव्हा गोंदियात मुरमाचं एक टेनिस कोर्ट ठेवून गेले. चार-पाच वर्षं त्यावर पुरुषच धापा टाकत राहिले. मग क्लबात टूम निघाली की देश स्वतंत्र झालाच आहे, तर बायकांचेही सामने होऊन जाऊ देत. नावं आली दोन. म्हणजे सरळ अंतिम सामनाच.

एक मी, नुकतीच मॅट्रिक झालेली वकिलाची मुलगी. वडिलांनी सांगून टाकलं होतं, कप आणलास तर नागपूरला कॉलेज, नाहीतर शिक्षण इथंच पुरे. माझी अक्कल रॅकेटनं का मोजायची, असं विचारायची आमच्या घरी पद्धत नव्हती. दुसरी राईस मिलवाल्यांची सून. लग्नाआधी नागपूरला कॉलेजात खेळलेली, माझ्यापेक्षा दहापट सरस. सासऱ्यांनी तिला मोठ्या मनानं परवानगी दिली होती. फक्त सामन्याला ते स्वतः खुर्ची टाकून बसणार होते, आणि त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळायला नको होता. एवढं पुढारलेलं घर गावात दुसरं नव्हतं.

सरावाला सासरे नसत. तेव्हा ती पदर कमरेला खोचून खेळायची. माझी पहिली सर्व्हिस जोरात, बहुधा जाळीत जायची. मग नियमानं मिळणारी दुसरी मी घाबरत, हळू टाकायची आणि ती झोडपून काढायची. कोर्टावर चुन्याच्या रेघा मारणारा म्हातारा, ज्याला सगळे मार्कर म्हणत, हे रोज पाहायचा. सामन्याच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "पोरी, दुसरा चेंडू तिच्या डाव्या अंगाले टाक."

"काऊन?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"उद्या सासरा बसून राहीन ना! डावीकडं वळली का पदर घसरते. बाई पदर धरंल का चेंडू मारंल?"

सामन्यात ती सर्व्हिस करताना पदर दातांत धरायची. डावीकडे चेंडू आला की डावा हात डोक्यावर जायचा. मी तर पुढेपुढे पहिली सर्व्हिस मुद्दाम जाळीत घालू लागले, म्हणजे दुसरी हळूच नेमकी डावीकडे टाकता यायची. शेवटचा गुणही तसाच मिळाला. चेंडू तिच्या रॅकेटच्या कडेला लागून बाहेर गेला. नागपूर पक्कं झालं म्हणून मी कोर्टावरच उड्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी मिलवाल्यांकडून पेढे आले. केवढं हे मोठं मन, असं वडील म्हणाले. मग कळलं, सून हरली पण पदर पडला नाही, म्हणून सासऱ्यांनी अख्ख्या बाजारात पेढे वाटले होते. आमच्याकडे डबा घेऊन सून स्वतःच आली होती. माझ्या हातावर पेढा ठेवत हळूच म्हणाली, "नागपूरला जाशील ना? मग दुसरा चेंडू नीट शिकून घे. तिथल्या पोरींचे दोन्ही हात मोकळे असतात."

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर ती कोर्टावर दिसली नाही. घराची लाज राखून झाली, आता आणखी काय खेळायचं, असं सासऱ्यांचं म्हणणं पडलं.

नागपूरला पहिल्याच सामन्यात मी डावीकडे टाकलेला दुसरा चेंडू समोरच्या मुलीनं सणसणीत परतवला. मी तिथंच रडले. मैत्रिणींना वाटलं, हरल्याचं रडते आहे.