बाशिंग

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर आम्ही धाकट्या बहिणीचं लग्न सोलापुरात काढलं. आमच्यात नवऱ्याचं बाशिंग आदल्या रात्री मुलीकडच्या देवापुढं ठेवतात. ते तिथंच राहिलं, मंगळवेढ्याच्या वाटेवरच्या आमच्या गावी. नवऱ्याचा चुलता आधीच फुगून बसलेला. "मुहूर्त टळला तर वऱ्हाड माघारी नेणार," म्हणाला. वडिलांचा चेहरा पांढराफटक पडला. मी मामाची फटफटी काढली.

जाताना ठीक होतं. येताना हातात बाशिंग धरून हँडल धरता येईना, पिशवीत घातलं तर चुरा झाला असता. शेवटी स्वतःच्याच कपाळाला बांधलं. बाशिंगाच्या लडी डोळ्यांवर नाचत होत्या आणि मी फटफटी दामटत होतो.

नाक्यावर हवालदारानं काठी आडवी घातली.

"नवरदेव, एकटंच कुटं पळायलास? स्टेशनावर व्हय?"

"मी नवरा नाही. नवरीचा भाऊ."

"आन् बाशिंग?"

"नवऱ्याचं."

"नवऱ्याचं बाशिंग मेव्हणा बांधतुय व्हय?"

"मग काय तुमच्या डोक्याला बांधू?" मी भडकलो. जीभ तेव्हाच आवरायला हवी होती.

त्यानं माझा कान असा पिरगाळला की डोळ्यांपुढं काजवे चमकले. "माजी पोरगी बी लग्नाची हाय. मांडवात पोरगी रडत आसंल आन् तू हितं मस्करी करतुस? चल, तुला बोहल्यावरच उभा करतो." तो मागं बसला आणि कान काही सोडेना. मुहूर्त चुकलाच, असं मी धरून चाललो.

पण बाजारात त्यानं शिट्टी फुंकायला सुरुवात केली. टांगे, सायकली बाजूला झाल्या. मांडवात शिरताच तो वडिलांवर ओरडला, "घ्या तुमचा जावई! पळून चालला हुता."

वडिलांनी काही न ऐकता माझ्या कपाळावरचं बाशिंग ओरबाडलं आणि ते नवऱ्याकडं धावले. खरा नवरा पाटावर उभा पाहून हवालदाराचा हात आपोआप टोपीकडं गेला. अक्षता वेळेवर पडल्या. त्यानंही मूठभर टाकल्या.

मग कानपिळी. मुलीच्या भावानं जावयाचा कान पिळायचा. आता चुलत्याचा सगळा हिशेब याच कानावर चुकता करायचा, असं ठरवूनच मी पुढं झालो. हवालदार बुंदी खात ओरडला, "पिळा की जोरात!"

माझा कान लालबुंद सुजलेला होता. बहीण हातभर अंतरावर होती. तिनं तो पाहिला नाही.

"दादा," ती हळूच म्हणाली, "त्यांना दुखेल रे."

मी जावयाच्या कानाला नुसता हात लावला.