बटणाची जागा

लातूरच्या घराला लागून गॅरेज बांधलं, तेव्हा वायरिंगला एक मिस्त्री आले होते. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कोऱ्या भिंतीवरून ते हात फिरवायचे, देवणी गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. दिव्याच्या बटणाची जागा ठरवायला त्यांनी आम्हाला डोळे मिटून एकेकाला आत यायला लावलं.

"बटन भिंतीला नसतंय बगा, हाताला असतंय."

मी ठेचकाळलो. बायको चाचपडत हसत सुटली. माझे वडील मात्र सावकाश, न अडखळता आले आणि भिंतीवर तळवा टेकवून थांबले. मिस्त्रींनी तिथं पेन्सिलीनं खूण केली आणि हळूच विचारलं,

"काका, कवापासून दिसंना?"

"दिवाळीपासून," वडील भिंतीकडं तोंड करूनच म्हणाले.

गॅरेजचा दिवा मी अजून डोळे मिटूनच लावतो.