पास्कलसरांची उतारावरची चाचणी

श्री. पास्कल रुमाव यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी बर्फात आडवी पडले होते. मिसिसागाहून उत्तरेला, गाडीने दोनेक तासांवर स्कीची एक टेकडी आहे. मुलीच्या हट्टामुळे मी तिथे स्की शिकायला गेले आणि पहिल्याच दुपारी गुडघा पिरगाळून घेतला. "आई गं" असं मोठ्यानं ओरडले असणार. कारण पाठीवर पांढरा क्रॉस असलेलं लाल जाकीट घातलेले एक वयस्क गृहस्थ माझ्याशेजारी गुडघे टेकून बसले आणि थेट मराठीत म्हणाले, "बाई, हलू नका. मी पास्कल, इथल्या स्की पेट्रोलवर, म्हणजे मदत पथकात आहे. मदत केली तर चालेल?"

त्या थंडीत मराठी ऐकून मला रडूच आलं. "मोडलाय का हो गुडघा?" मी विचारलं.

"माहीत नाही. गुडघा माझ्या हातात आहे, पण आतलं मला दिसत नाही. ते एक्स-रेवाल्यांना दिसेल."

मला जरा रागच आला. पडलेल्या माणसाला "काही नाही झालं" म्हणायची आपल्याकडे रीत आहे. हे गृहस्थ काही केल्या तसं म्हणेनात. मात्र प्रत्येक गोष्ट करण्याआधी ती सांगत होते. आता बूट सैल करतो, दुखेल. आता पट्टी बांधतो, त्यानंतर कमी दुखेल. बूट सैल करताना खरोखरच दुखलं आणि पट्टीनंतर कमी झालं. खाली पोचेपर्यंत माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला होता.

आपल्या मराठी मंडळातल्या बहुतेकांना सर ठाऊक आहेत ते गणपतीत खुर्च्या मांडणारे आणि नाताळात घरोघरी केक पोचवणारे म्हणून. वसईच्या वाडीत, केळीच्या बागेत वाढलेल्या या माणसानं चाळिशी उलटेपर्यंत पायाला स्की बांधली नव्हती. हॅमिल्टनच्या एका पोलाद कारखान्यात इंजिनिअर म्हणून नोकरी करता करता ते स्की शिकले, मग प्रथमोपचार शिकले आणि निवृत्तीनंतर टेकडीवर पगारी पेट्रोलर तयार करणारे प्रशिक्षक झाले. मी त्यांची विद्यार्थिनी. तीही उशिराची.

गुडघा बरा झाला त्याच वर्षी माझी सॉफ्टवेअरमधली नोकरी गेली. अर्ज करत होते, उत्तरं येत नव्हती. दुपारी चारला अंधारून यायचं आणि मी काँडोच्या खिडकीशी नुसती बसून असायची. गुडघ्याची चौकशी करायला सरांचा फोन आला, तेव्हा माझ्या आवाजावरून त्यांना काहीतरी कळलं असावं.

"टेकडीवर पगारी माणसं हवी आहेत," ते म्हणाले. "ट्रेनिंगला येतेस का?"

"सर, मी चाळिशी ओलांडलीय."

"बरं झालं. पंचविशीतल्या पोरांना वाटतं, आपण मरणारच नाही. त्यांना शिकवताना माझा फार दम जातो."

प्रशिक्षण शरद ऋतूत एका चर्चच्या बेसमेंटमध्ये सुरू झालं. पट्ट्या, फळ्या, मान स्थिर धरणं, श्वास मोजणं. सर स्वतः जखमी होऊन जमिनीवर पडत आणि इतकं खरं कण्हत की, वरून चर्चमधल्या बाई धावत आल्या होत्या. एकदा त्यांच्या 'मोडलेल्या' मांडीवर वाकताना माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "काही नाही झालं, सर." सर ताडकन उठून बसले. "काही नाही झालं? मग मी घरी बायकोकडे जातो. फिलोमिनानं सार केलंय." सगळे हसले. हसू ओसरल्यावर ते शांतपणे म्हणाले, "ज्याचं दुखतंय, त्याला माहीत असतं काय झालंय. आपण खोटं बोललो की तो एकटा पडतो."

बर्फ पडल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. जखमी माणसाला खाली आणायची लांब घसरगाडी असते, तिला टोबॉगन म्हणतात. पुढचे दोन दांडे धरून, स्कीच्या कडांवर वेग अडवत, सर्वांत उभ्या उतारावरून ती सांभाळत उतरायची. उमेदवाराचा हात सुटला तर गाडी माणसासकट सुटते. इतर प्रशिक्षक बाजूनं स्की करत परीक्षा घेतात. सरांची पद्धत वेगळी. ते गाडीत झोपत, पट्टे आवळायला सांगत आणि डोळे मिटून घेत. सत्तरी उलटल्यावरसुद्धा. "बाहेरून सगळं छानच दिसतं," ते म्हणत. "गाडी कशी आणली, ते आतल्या पाठीला विचारायचं." पहिल्यांदा मी त्यांना कशीबशी खाली आणलं. खाली आल्यावर ते म्हणाले, "माझी पाठ म्हणतेय, वळणावर तू घाबरलीस. उद्या परत." तो 'उद्या' पुढे बरेच दिवस चालला. शेवटी एकदा ते गाडीतून उठले, अंगावरचा बर्फ झटकला आणि म्हणाले, "आज मला झोप लागत होती." मी पास झाले होते.

त्या पहिल्याच हिवाळ्यात, लोकांना टेकडीवर नेणाऱ्या लिफ्टजवळ एक गृहस्थ कोसळले. अँब्युलन्स येईपर्यंत आम्ही आळीपाळीनं त्यांची छाती दाबत राहिलो. त्यांची पत्नी स्कीचे जड बूट घालून, नवऱ्याचे हातमोजे हातात घेऊन उभी होती. ते गृहस्थ वाचले नाहीत. सर त्या बाईंना आतल्या खोलीत घेऊन गेले, त्यांच्यासमोर बसले आणि आम्ही काय काय केलं ते पहिल्यापासून सांगितलं. "आम्ही थांबलो नाही. पण ते परत आले नाहीत." बाईंनी तेच तीनदा विचारलं. सरांनी तिन्ही वेळा तितक्याच सावकाश सांगितलं. मी दाराशी उभी होते. माझे हात खांद्यापासून दुखत होते आणि मला ते लाल जाकीट काढून कायमचं निघून जायचं होतं.

बाहेर आल्यावर सरांनी माझी समजूत घातली नाही. त्यांनी डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. एरवी तो डबा उघडला की आमचे पेट्रोलप्रमुख ब्रायन नाक धरून विचारायचे, "पास्कल, टेकडी रिकामी करायची का?" त्या दिवशी ब्रायननीही निमूट अर्धी भाकरी घेतली. सर मला म्हणाले, "आधी जेव. जायचं की राहायचं, ते भरल्या पोटी ठरव." मी राहिले. पुढे मीही प्रशिक्षक झाले.

गेल्या वर्षी हिवाळ्याच्या अखेरीस माझ्या लक्षात आलं की, सर पट्टीची गाठ स्वतः मारत नाहीत. "तू बांध, तुझा सराव होईल," असं कुणाला तरी सांगतात. उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी, फिलोमिनामावशी, यांनीच फोनवर सांगितलं. पार्किन्सन्स. "डॉक्टरनं टेकडी सोडायला सांगितलंय. पण हिवाळ्याचं नाव काढलं की यांना ऐकू येत नाही."

सर ते लपवत नव्हते. स्कीच्या ऋतूच्या सुरुवातीला त्यांनी ब्रायनना सगळं सांगितलं आणि म्हणाले, "मला चाचणी देऊ दे. पास झालो तर राहीन." दर वर्षी प्रत्येक पेट्रोलरला ती द्यावीच लागते. ब्रायननी मला बाजूला घेतलं. "पास्कलची चाचणी तू घे. मला जमणार नाही." मग म्हणाले, "हलक्या उतारावर घेतलीस, तरी मी काही म्हणणार नाही."

मी उभ्या उतारावरच घेतली. सरांनी कधी कुणाची हलक्या उतारावर घेतली नव्हती. मी गाडीत झोपले, पट्टे त्यांनी आवळले. एका पट्ट्याला त्यांना वेळ लागला. मी आकाशाकडे पाहत राहिले. ते राखाडी होतं, धुकं उतरलं होतं, बारीक हिम पडत होतं. सुरुवातीचा उतार सुरेख गेला. स्कीच्या कडांचा तो सलग, खरखरता आवाज. मग वळणावर गाडीला हिसका बसला. डावा दांडा सुटला होता. क्षणभर मी उताराला आडवी झाले, पाठीखालचं सगळं निसटलं. सरांनी आपलं अंग मध्ये घालून गाडी अडवली, दांडा पुन्हा धरला आणि आम्ही खाली आलो. खाली उभ्या असलेल्यांना धुक्यात काहीच दिसलं नव्हतं. ब्रायननी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

सर माझ्याजवळ वाकले. त्यांना धाप लागली होती.

"सांग," ते मराठीत म्हणाले.

मी पट्टा चाचपू लागले.

"वैशाली, गाडीत मी नव्हतो. तू होतीस."

"डावा हात सुटला, सर."

"मी सावरली ना पण?"

हे त्यांनी विचारलं, ते मला अजून ऐकू येतं. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती एकच सवलत.

"सावरलीत. पण आत पाठ मोडलेला माणूस असता, तर..." मी म्हटलं. "सर, मी तुम्हाला पास करू शकत नाही."

त्यांनी टेकडीकडे पाहिलं. पट्टे मीच सोडवले. "बरं," ते म्हणाले, आणि गाडी तिच्या जागेवर नेऊन ठेवायला वळले. मी मदतीला गेले तर हातानंच नको म्हणाले.

संध्याकाळी मावशींचा फोन आला. "घरी येऊन जाकीट घालूनच बसलेत. जेवत नाहीत. मी म्हटलं, त्या पोरीवर रागावलात का? तर म्हणतात, रागावता आलं असतं तर बरं झालं असतं."

त्यानंतर मी दोन रविवार हॅमिल्टनला त्यांच्या घरी गेले नाही. तिसऱ्या रविवारी गेले. सर खिडकीशी बसले होते. शेजाऱ्यानं त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलनं काढून ठेवला होता आणि तेच त्यांना सलत होतं. मी म्हटलं, "सर, उमेदवारांना सरावासाठी पेशंट हवाय. झोपायला तरी या." ते हसले नाहीत. "नको. खोटं खोटं कण्हायला आता जमणार नाही मला." ते आले नाहीत. हिवाळाभर टेकडीवर त्यांची खुंटी रिकामी होती. तिच्यावर कुणी आपलं जाकीट टांगलं नाही.

मंडळानं त्यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लेख मागितला, तेव्हा लिहू का, असं मी त्यांनाच विचारलं.

"नापास माणसाचा गौरव? मंडळाला दुसरं कुणी मिळालं नाही?" मग त्यांनी हातांकडे पाहिलं. "लिही. पण त्या दिवसाचंही लिही. ते गाळलंस, तर बाकीचं कुणी खरं मानायचं नाही."

म्हणून लिहिलं. मी घेतलेला निर्णय बरोबर होता, हे मला माहीत आहे. त्यानं माझं मन हलकं झालेलं नाही आणि ते व्हावं अशी सरांचीही अपेक्षा नाही.

सरांचा आजार मागे फिरणारा नाही. त्यामुळे 'शतायुषी व्हा' एवढंच म्हणून मला हा लेख संपवता येत नाही. त्यांच्या हातांची थरथर सावकाश वाढो. त्यांना अजून पुष्कळ हिवाळे मिळोत आणि त्यातले बरेचसे कमी दुखण्याचे असोत. मावशींच्या हातचं जेवण त्यांना गोड लागो. कोटाची चेन त्यांची त्यांना खूप वर्षं लावता येवो. आणि ज्या सकाळी ती लावता येणार नाही, त्या सकाळी जो कुणी त्यांच्यासमोर वाकेल, त्याला त्यांनी ती लावू द्यावी.