ओवीखालचं नाव

निघायच्या दिवशी पप्पांनी माझी बॅग तिसऱ्यांदा वजनकाट्यावर ठेवली आणि कपड्यांमध्ये एक जुनं पुस्तक सरकवलं. माझे खापरपणजोबा भिकोबा शिंदे यांच्या ओव्या. नगरकडच्या पहिल्या ख्रिस्ती लेखकांपैकी ते एक. बाप्तिस्मा घेतला म्हणून भावांनी त्यांना घराबाहेर काढलं. त्यांनी त्यावरच लिहिलं, तेही मिशनच्या साहेबांच्या पुस्तकी मराठीत नाही, जात्यावरच्या बायकांच्या मराठीत.

"वाचायला जड गेलं तरी जवळ असू दे," पप्पा म्हणाले. मी इंग्रजी शाळेतली. ते गाडी बघायला बाहेर गेले तेव्हा पुस्तक काढून मी कपाटात ठेवलं. कुकर बसत नव्हता, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

नेदरलँड्समध्ये एनस्खेडेला शिकायला आले. गेमेंटेत, म्हणजे इथल्या पालिकेत, नाव नोंदवताना कुणी धर्म विचारला नाही. युनिव्हर्सिटीतही नाही. मराठी मंडळात मात्र आडनाव ऐकून साठे काकू म्हणाल्या, "शिंदे? मग आपलीच की गं." मी नुसती हसले. त्या हसण्यावर दोन दिवाळ्या निघाल्या. रविवारी चर्चला सायकलवरून जाताना कुणी भेटलं, तर ग्रोसरीला चाललेय म्हणायचे.

यंदा दिवाळीच्या तालमीत काकूंनी आजीकडून शिकलेली एक ओवी म्हटली:

घर सोडताना बाई, दार उघडे ठेविले
येईल कोणी दमले, पाणी दारात ठेविले

आमच्याकडे मुलगी सासरी निघाली की हीच म्हणतात. मी निघाले तेव्हा आईनेही म्हटली होती.

"कुणाची असेल गं? आजीला विचारायचंच राहिलं," काकू म्हणाल्या.

"माहीत नाही," मी म्हणाले. कार्यक्रमपत्रिका टाइप करायचं काम माझ्याकडे होतं. ओवीखाली मी लिहिलं, 'पारंपरिक'.

छापून आल्यावर सवयीने फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, आणि टाकल्यावर माझ्या लक्षात आलं, ओवीखालचं 'पारंपरिक' पप्पाही वाचणार. पप्पांचं उत्तर संध्याकाळी आलं. "छपाई छान आहे." ते रागावले असते तर मला वाद तरी घालता आला असता. ज्या माणसाने घर गमावलं पण काही लपवलं नाही, त्याचं नाव मी फराळाच्या ताटासाठी पुसलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकूंकडे गेले. त्या डब्यात चकल्या भरत होत्या.

"काकू, ती ओवी माझ्या खापरपणजोबांची आहे. आम्ही ख्रिश्चन आहोत."

त्यांचा हात थांबला. "मग तेव्हा का नाही बोललीस?"

त्या चिडल्या नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं. मी पिशवीतून पत्रिका काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, पत्रिकेवरचं 'पारंपरिक' खोडलं आणि म्हणाल्या, "सांग नाव."

मी सांगितलं. इथे आल्यापासून पहिल्यांदाच.

आता घर म्हटलं की मला नगरचं ते कपाट आठवतं. मी गेल्यावर आठवड्याभरात पप्पांनीच ते आवरलं होतं. पुस्तक त्यांना तेव्हाच सापडलं असणार. दोन वर्षं दर रविवारी फोन होतो, आणि त्यांनी एकदाही विचारलेलं नाही.