घशात उतरणारा थेंब

कमरबी चाची आमच्या शेजारी राहतात. शिंप्यांकडून ब्लाउज आणायचे आणि हुक-काजं करून द्यायची, यावरच त्यांचं आयुष्य गेलं. मोतीबिंदू वाढला तशी सुई ओवायला मला हाक मारू लागल्या. मी सकाळीच चार-पाच सुया ओवून ठेवायची, तरी दुपारी हाक यायचीच. "वैजू, तेवढी एक सुई ओव की गं." मी पार वैतागायची.

रमजानच्या तोंडावर ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर चाचींनी सगळ्यात आधी माझ्या ब्लाउजची उसवलेली शिवण दाखवली. डॉक्टरांनी सूज येऊ नये म्हणून थेंब दिले आणि ते मनानं बंद करायचे नाहीत, असं बजावलं.

रोजे सुरू झाले आणि आठवडाभरात डोळा लालभडक. उजेड सोसवेना, समोरचं पुन्हा धुरकट. त्यांची सून राहत हिनं औषधाची बाटली हलवून पाहिली, तर जवळजवळ भरलेलीच.

"टाकलं की घशात कडू उतरतंय," चाची शांतपणे म्हणाल्या. "मग रोजा कसा ऱ्हाईल? इफ्तारनंतर टाकते की एकदा."

मला राग आला आणि भीतीही वाटली. डोळा गेला तर त्यांच्या हातातली सुईही जाणार होती.

आम्ही त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. आत सूज चढली होती. आता थेंब दर दोन तासांनी टाका, नाहीतर नजर जाईल, असं डॉक्टर म्हणाले. मुलगा आसिफनं तिथूनच मौलानांना फोन लावला. डोळ्यातल्या औषधानं रोजा तुटत नाही, असं त्यांनी सांगितलं. तरी चाचींचं एकच, "पर कडू लागतंय की."

तेव्हा सिस्टरनं थेंब टाकला, डोळा मिटायला लावला आणि चाचींचंच बोट डोळ्याच्या नाकाजवळच्या कोपऱ्यावर दाबून धरलं. असं दाबलं की औषध घशात उतरत नाही, म्हणाली. चाचींनी जपून आवंढा गिळला.

"न्हाय लागलं," त्या म्हणाल्या.

मग पुढं रोज त्या दारात डोळ्याच्या कोपऱ्यावर बोट दाबून बसलेल्या दिसायच्या. रडता काय, म्हणून गल्लीतले विचारायचे. सूज सावकाश उतरली.

ईदला त्या शिरखुर्मा घेऊन आल्या, तेव्हा मी बटण लावत होते आणि दोरा काही सुईत जात नव्हता. त्यांनी वाटी खाली ठेवली, सुई माझ्या हातातून काढून घेतली आणि एका झटक्यात ओवली.

"वैजू, उद्यापास्नं तुझ्या सुया सकाळीच आणून दे. दुपारी हाका मारू नको."