कानामागची चाचणी

माझ्या अण्णावर अन्याय झाला. गेल्या रविवारी सकाळी, मुलीकडचे यायच्या तोंडावर, भालकीजवळच्या मेहकरात, आमच्याच ओसरीत. अन्याय करणारी मी, त्याची सख्खी बहीण. (निषेधाचं पत्रकही मीच लिहायला बसले होते, पण आईनं पेन काढून घेतलं.)

अण्णाच्या दोन्ही गालांवर वांगाचे काळे डाग आहेत. स्थळ मादन हिप्परग्याचं, आणि मुलीचा फोटो त्याच्या खिशातून निघत नव्हता. म्हणून त्यानं गुपचूप गोरेपणाचं क्रीम आणलं. मी भडकले! असल्या क्रीमविरुद्ध तालुकाभर पत्रकं वाटणारीच्या घरात हे? क्रीम जप्त केलं आणि ज्येष्ठमध, बटाट्याचा रस आणि घरची हळद असा अस्सल वनस्पतींचा लेप कालवला.

पण चाचणीशिवाय मी काही करत नाही. आदल्या दिवशी त्याच्या कानामागे लेप लावला.

"जळायलंय का?"

"न्हाई."

"खाजायलंय?"

"न्हाई."

लेप पास! (रंग कुणी बघितलाच नाही. कानामागे कोण बघतंय?) रविवारी उजव्या गालाला जाड थर दिला, डावा तुलनेसाठी कोरा ठेवला. शास्त्र म्हणजे शास्त्र.

धुतल्यावर डाग जागच्या जागी, आणि गाल पिवळाधमक. साबण झाला, बेसन झालं, लिंबू झालं. पिवळ्याचा नारिंगी झाला. तेवढ्यात दारात जीप थांबली आणि मुलीसकट पाहुणे उतरले.

अण्णा डावा गाल पाहुण्यांकडे करून, म्हशीकडे बघत बसला. मुलीच्या आत्यानं मान अवघडलीय का म्हणून चौकशीही केली. मग आईनं त्याला चहा द्यायला सांगितलं, आणि उजवा गाल समोर आला.

आत्याबाईंनी कप खाली ठेवला. "हळद लागलीय की ह्याला. दुसरीकडं ठरलंय तर आमाला कामून बोलावलात?"

आमचे वडील शपथा घेऊ लागले. मी पुढे झाले. ही हळद लग्नाची नाही, चाचणीची आहे, असं ठणकावून पुरावा म्हणून अण्णाचा कान दुमडून दाखवला. तिथेही पिवळं!

"करवल्यांनी कान बी सोडला न्हाई," म्हणत आत्याबाई उठल्याच.

अण्णाचा डावा गाल पांढराफटक पडला. आता उपाय एकच होता. वाटीतला उरलेला लेप मी सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाला फासला, थोडं थांबले आणि ओढणीनं पुसला. मीही पिवळी!

आत्याबाईंनी माझ्या गालावर बोट घासून बघितलं. "येवढं येडं सोंग कुणी मुद्दाम करणार न्हाई," म्हणाल्या आणि परत बसल्या.

तेव्हा मुलगी पहिल्यांदा बोलली. "डाग फोटोत बी दिसायलते. माझी काय हरकत न्हवती." मग माझ्याकडे वळून, "फकस्त लग्नाच्या हळदीला ह्या ताईंना लांब बसवा."

लग्नाच्या! अण्णा दोन्ही गालांनी हसला.

माझा रंग अजून उतरलेला नाही. शेजारीण रोज विचारते, "तुझं कुठं ठरलं गं?" उद्या भालकीच्या बाजारात ह्याच तोंडानं मी पत्रकं वाटणार आहे: 'आहे त्या रंगात राहा!' तुम्ही पत्रक घ्यायचं. आणि हसायचं नाही.