तिसगावच्या विहिरीवर कंटिन्युटी

पुण्याहून एसटीत बसले तेव्हा माझ्याकडे दोन पेनं, एक पट्टी, शंभर पानी तीन वह्या आणि आईने दिलेला लाडवांचा डबा होता. चित्रपटाच्या शूटिंगला जाताना काय न्यायचं असतं, याची आमच्या घरात कोणालाच कल्पना नव्हती. बाबांच्या मित्राचे मित्र दिग्दर्शक होते आणि त्यांना 'इंग्रजी लिहिता येणारी मुलगी' हवी होती. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, नुकतीच बी.ए. झालेली आणि रिकामी. बोलायचं नाही, फक्त पाहायचं आणि लिहायचं, असं कळल्यावर वाटलं, हे काम माझ्यासाठीच निर्माण झालं आहे.

नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर पाथर्डीची गाडी पकडली. करंजीचा घाट ओलांडला तशी दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली रानं, बाभळी आणि मधूनमधून धूळ उडवत जाणारे पाण्याचे टँकर दिसू लागले. तिसगावला उतरले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि गावाबाहेरच्या कोरड्या विहिरीभोवती आमचं युनिट काळ्या छत्र्या उघडून बसलं होतं.

"आलात? तुम्ही कंटिन्युटी," मुख्य सहायक म्हणाले. त्यांना सगळे 'चीफ' म्हणत. माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. सेटवर माणसांना नावं नसतात, कामं असतात.

"बैल चीट करा!" ते लगेच ओरडले.

मी वही उघडली आणि बैलाकडे संशयाने पाहिलं. बारा वर्षं इंग्रजी शाळेत घालवलेल्या माणसाला हा शब्द कळायला हरकत नव्हती. पण चीट (कॅमेऱ्यात बरं दिसावं म्हणून माणूस किंवा वस्तू खऱ्या जागेवरून सरकवणं) हा तिथे दर पाच मिनिटांनी आणि अतिशय आदराने केला जाणारा प्रकार होता.

"बैल न्हाई चीट व्हायचा, सायेब," बैलाचा मालक म्हणाला. "त्याला मागं सरकायची सवय न्हाई."

शेवटी कॅमेराच सरकवला.

विचारलं असतं तर कोणीही अर्थ सांगितला असता. पण मी इंग्रजीवाली. मला सगळं येतं असं सर्वांनी गृहीत धरलं होतं आणि तो गैरसमज मोडण्यासाठी तोंड उघडावं लागलं असतं. म्हणून मी हेरासारखी अर्थ गोळा करत बसले. एनजी (वाया गेलेलं चित्रण) हे मी स्वयंपाक्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं. प्रत्येक एनजीला जेवण लांबत होतं. जेवण म्हणजे बाजरीची भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा. युनिटमधल्या मुंबईकरांनी ठेच्याला पहिल्या घासात 'चटणी' म्हटलं आणि दुसऱ्यानंतर काहीच म्हटलं नाही.

राहता राहिला माझा स्वतःचा शब्द. कंटिन्युटी म्हणजे आज अर्धवट राहिलेलं दृश्य उद्या पुढे घेताना कपडे, केस, घाम, सगळं तसंच्या तसं आहे ना, हे पाहणं. वहीत एक रकानाही होता: चित्रण वाया गेलं तर कारण, आणि चूक कोणाची.

दृश्य बेचाळीस असं: गावकरी विहिरीभोवती आशेने उभे आहेत, तळाशी खोदकाम चाललं आहे, आणि एक म्हातारा कठड्यावरून वाकून ओरडतो, "पानी लागलं!" हे एकच वाक्य. ते मिळालं होतं चाँदभाईंना. चाँदभाई बैलांना नाल मारायचे. किडकिडीत अंग, मळका सदरा आणि छातीवर पसरलेली पांढरीशुभ्र दाढी. दिग्दर्शक ती पाहून दोन मिनिटं गप्प झाले होते, जे एरवी होत नसे.

त्या संध्याकाळी उभं राहण्याचा भाग झाला, ओरडण्याचा उद्यावर गेला. "गाववाल्यांना सांगा," चीफ म्हणाले. मी तीस माणसांसमोर उभी राहिले. दुपारभरात जमवलेली भाषा आठवली आणि एका दमात म्हणाले, "उद्या कंटिन्युटी आहे, लक्षात ठेवा." तीसच्या तीस माना हलल्या. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आले. इस्त्रीचे सदरे, कोऱ्या टोप्या, गुळगुळीत गाल, तेल चोपडलेले केस. एकाने गॉगलही आणला होता. आणि सर्वांच्या पुढे चाँदभाई, शेजारी भिंगारहून मुद्दाम बापाला पाहायला आलेली लेक. दाढीला मेंदी लावलेली. भगभगीत नारिंगी.

टँकर विहिरीत रिकामा होत होता. सिनेमातलं पाणी तोच लावणार होता.

"कंटिन्युटी! यांना सांगितलं नव्हतं?" चीफ.

"सांगितलं हुतं की," माझ्याआधी चाँदभाईच बोलले. "ताई म्हन्ल्या, उद्या कंटिन्युटी हाय. म्हनून तर लेकीनं रातभर मेंदी बांधून ठिवली."

"मग चूक यांचीच. लिहा रकान्यात. बाबा, तुम्ही व्हा बाजूला. तुमचं वाक्य दुसरं कोणी म्हणेल."

चाँदभाई बाजूला झाले. लेकीने त्यांच्या सदऱ्याची कॉलर उगाच सरळ केली. मी पेन टेकवलं. मला वाचवणाऱ्या माणसाचं नाव चुकीच्या रकान्यात लिहायचं होतं, आणि त्यासाठी बोलायचीही गरज नव्हती. माझ्यासारखीला याहून सोयीचं काय?

"चूक माझी आहे," मी म्हणाले. कोणाला ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणाले, तेव्हा जरा जास्तच ऐकू आलं. "मी त्यांना अर्थ सांगितलाच नाही. आणि..." आता सुरूच झाले होते, "पाणी कालच्याच दिवशी लागायला हवं का? महिन्याने लागलं तर? तोवर दाढी रंगू शकते."

दिग्दर्शकांनी आकाशाकडे पाहिलं. बराच वेळ.

"हे माझ्या डोक्यात केव्हापासून होतं," ते म्हणाले. "काळाचा प्रवाह. नारिंगी म्हणजे आशा."

चीफनी ताबडतोब मान हलवली. गॉगल तेवढा काढायला लावला.

पहिल्यांदा शेळी ओरडली, एनजी. दुसऱ्यांदा चाँदभाई "पानी लागलं!" असं ओरडले आणि लेकीने टाळ्या वाजवल्या, एनजी. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज असा काही फुटला की टँकरचा ड्रायव्हरही धावत विहिरीत डोकावला. ओके. रकान्यात मी लिहिलं: सकाळचा खोळंबा, चूक कंटिन्युटीची.

तिसऱ्या दिवशी तिसगावचं काम संपलं आणि मी परत निघाले. विहिरीवरून आले तेव्हा टँकरचं बरंचसं पाणी बायकांनी उपसून नेलं होतं, उरलेलं खडकात जिरलं होतं. स्टँडवर चाँदभाई एका बैलाला आडवा पाडून नाल मारत होते. मला पाहून हातोडी खाली ठेवली.

"ताई, एक इचारू का? कंटिन्युटी म्हंजी नेमकं काय ओ?"

मी सांगितलं. काल जसं होतं तसंच आज असणं.

त्यांनी नारिंगी दाढी खाजवली. "येवढंच? त्याला पुन्याहून मानूस कशाला आनायचं? आमच्या हिरीला इचारायचं. काल पानी न्हवतं, आज बी न्हाई."

ते हसले आणि पुन्हा नालेकडे वळले. गाडी आली.

घरी बाबांनी विचारलं, काय शिकलीस? मी चीट सांगितलं, एनजी सांगितलं. सगळे पोट धरून हसले. मग आईने कंटिन्युटीचा अर्थ विचारला. मी चाँदभाईंचा सांगितला. तेव्हा कोणी हसलं नाही.